आमचे साडू वाईहून का परतले

आमचे साडू आजच्या तारखेपर्यंत महाबळेश्वरला एकदाही गेलेले नाहीत, आणि तरीही महाबळेश्वर त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असेल असं मला वाटत नाही. तिथे जन्मलेल्यांनाही नसेल. कुठल्या पॉइंटला किती पायऱ्या आहेत, कुठल्या वळणावर माकडं गाडीच्या टपावर उतरतात, बाजारपेठेत ताजे चणे कुणाकडे मिळतात आणि कालचे कुणाकडे, वेण्णा लेकच्या होडीत जड माणसाने कुठल्या बाजूला बसावं, हे सगळं ते इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्यात, स्वतःच्या उसाच्या बांधावर उभे राहून सांगतात. एकदा त्यांचे एक शेजारी महाबळेश्वरहून चार दिवस राहून आले आणि पारावर बसून सूर्यास्ताचं वर्णन करायला लागले. साडूंनी शांतपणे विचारलं की सूर्य बुडताना कठडा डाव्या हाताला होता की उजव्या. शेजारी म्हणाले, उजव्या. "मग तुमी त्या पॉइंटला न्हवताच. दुसरीकडंच कुठंतरी हुबं होता," असं म्हणून साडूंनी त्यांना त्यांचाच सूर्यास्त नीट समजावून सांगितला. शेजाऱ्यांनीही तो मान्य केला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी लहान, उंच, किडकिडीत, मान थोडी पुढे काढून चालणारे. अडीच एकर ऊस आणि अर्धा एकर भेंडी-गवार. भाजी बारामतीच्या बाजारात जाते, ऊस कारखान्याला. मी माळेगाव बुद्रुकला राहतो. आयुष्यभर कारखान्याच्या ऑफिसात बसलो, त्यामुळे साडू मला भाऊसाहेब म्हणतात. हे दोन गावांमधलं अंतर मी किती वेळा त्यांच्या भाकरीसाठी कापलं असेल याची मोजदाद नाही. मेव्हणी चुलीवर भाकरी करते आणि साडू समोर बसून महाबळेश्वर वाढतात.

या वेडाला सुरुवात त्यांच्या लग्नानंतर लगेच झाली. नव्या नवरीला घेऊन जायचं ठरलं होतं, तेवढ्यात ऊसतोडीची टोळी आली. पुढच्या वर्षी विहिरीचं काम निघालं, त्यापुढच्या वर्षी मुलगी झाली, मग मुलगा. असं करत वीसबावीस वर्षं गेली. मुलगी स्नेहल पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पोचली, मुलगा ओंकार बारामतीत कॉलेजला जायला लागला आणि एक दिवस साडू मला म्हणाले, "भाऊसाहेब, पोरं कालिजात गेली म्हंजे निम्मी गेली. ऱ्हायलेली निम्मी हायती तवर जाऊन यावं." स्नेहलला बंगळूरची नोकरी कॉलेजातच लागली होती आणि जूनमध्ये तिला हजर व्हायचं होतं. म्हणजे मे महिना हाच काय तो हाताशी होता. ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट.

साडूंनी संक्रांतीपासूनच तयारीला हात घातला. आराखडे ते लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर काढत, कारण त्यांच्या मते तेवढा जाड कागद वाण्याकडेही मिळत नाही. पहिल्या दिवसाचा प्रवास एका भाचीच्या शुभविवाहाच्या मागे, जेवणाच्या जागा एका पुतण्याच्या, आणि पाऊस आलाच तर काय करायचं ते एका सरपंचाच्या मुलीच्या. असा एक आराखडा त्यांनी मला बघायला पाठवला तेव्हा आमच्या हिने तो उलटा धरला आणि दोन वर्षांपूर्वी पार पडलेल्या लग्नाला जायचं म्हणून साडी इस्त्रीला टाकली.

कामाची पद्धत मात्र साडूंनी गावच्या सहकारी सोसायटीकडून उचलली होती. उभा जन्म सोसायट्यांच्या वार्षिक सभांना बसल्यामुळे सूचक आणि अनुमोदक नसेल तर त्यांना चहा करायला सांगणंही बेकायदेशीर वाटे. त्यांनी घरात रीतसर सभा बोलावली. विषय क्रमांक एक, मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे. मागील सभा झालेलीच नव्हती, हे ओंकारने लक्षात आणून दिलं, तर साडू म्हणाले की मग ते एकमताने कायम झालं. विषय क्रमांक दोन, महाबळेश्वरला चौघांनी मिळून जाणे. स्नेहलला मैत्रिणींबरोबर मनालीला जायचं होतं आणि ओंकारचे गावात क्रिकेटचे सामने होते, म्हणून दोघेही सभा सोडून अंगणात जाऊन बसले. साडूंनी गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब केली. अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच विषयांसाठी तहकूब सभा भरली, आणि तिला गणसंख्येची अट नसते हा नियम त्यांना पाठ होता. मेव्हणीने चुलीपुढून अनुमोदन दिलं. ठराव मंजूर झाला. पोरं म्हणाली ही हुकूमशाही आहे. साडू म्हणाले, "व्हय, पण कायद्यातली हाय."

मग हॉटेल. साडूंनी बावीस हॉटेलांना फोन लावले. हा आकडा माझा नाही, मेव्हणीचा आहे, आणि ती कमीच सांगत असेल. पलीकडच्या माणसाला ते काय काय विचारत हे मी स्वतः बसून ऐकलं आहे. जमिनीचा उतार कुणीकडे, बोअर किती फुटांवर लागली, उन्हाळ्यात पाणी टिकतं का, दूध म्हशीचं की पिशवीचं, शेजारी कोण, आणि शेजाऱ्याशी वाद वगैरे काही. शेवटी एका मॅनेजरने विचारलं, काका, तुम्हाला खोली पाहिजे का प्लॉट. साडूंना तो माणूस इतका आवडला की त्याच्याकडेच खोली पक्की झाली.

त्यांचं म्हणणं असं की पेरणीआधी जशी बियाण्याची उगवण तपासतात तशी माणसंही तपासली पाहिजेत. घाटात कुणाला उलटी होते हे आधी कळायला हवं. पण इंदापूर-बारामती रस्ता पट्टीने आखल्यासारखा सरळ. तेव्हा एका रविवारी त्यांनी घरच्या तिघांना आणि मला जुन्या गाडीत घातलं, बारामतीत आणलं आणि एका चौकातल्या गोल बागेभोवती गाडी फिरवायला सुरुवात केली. सातव्या फेरीला मेव्हणीने लिंबू मागितलं, अकराव्या फेरीला माझं बोलणं बंद झालं. चौदाव्या फेरीला पोलिसाने हात केला. कुणाला शोधताय का, असं त्याने विचारलं. साडूंनी खिडकीतून मान काढून अतिशय अदबीने सांगितलं, "न्हाय साहेब, पसरणीचा घाट चढतोय. अजून पाच वळणं ऱ्हायलीत." पोलिसाने आत बसलेल्या आमच्या सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि का कोण जाणे, पाच वळणं घेऊ दिली.

थंडीची परीक्षाही झाली. एप्रिलच्या उन्हात, बांधावरचा दगडसुद्धा हाताला चटका देतो अशा दुपारी, ते सगळ्या घराला स्वेटर-कानटोप्या घालून ओळखीच्या बागायतदाराच्या शीतगृहात घेऊन गेले. द्राक्षांच्या पेट्यांमध्ये चौघं दहा मिनिटं उभे राहिले. बाहेर आल्यावर ओंकारने कानटोपी काढून बापाच्या हातात दिली आणि म्हणाला, झालं की महाबळेश्वर, आता घरी जाऊ. पण त्या दिवशी स्नेहल मात्र हसत सुटली होती. हसता हसता तिने बापाचा दंड धरला होता. साडू नंतर मला तो दंड दाखवत होते, जणू तिथे काही उमटलं असावं.

इथवर सगळे सांगतात. आमच्या नात्यात कुठेही चार माणसं बसली की ही गोष्ट निघते, आणि तिचा शेवट असा सांगतात, की एवढी तयारी करून साडू निघाले, वाईपर्यंत पोचले, घाट समोर दिसत होता, आणि तिथे त्यांना उसाची आठवण आली. पाण्याची पाळी आहे म्हणाले आणि पोराबाळांसकट गाडी फिरवून वरकुट्याला परत आले. लोक इथे पोट धरून हसतात. ही गोष्ट सगळ्यांत रंगवून मी सांगतो. स्नेहलच्या हळदीला मी ती साडूंची मान पुढे काढून, त्यांच्या आवाजात सांगितली होती. मांडवात शंभरेक माणसं हसत होती, आणि साडूही त्यांच्यात बसून हसत होते.

ती गोष्ट खोटी आहे. खरं काय झालं ते तीन माणसांना माहीत होतं. एक साडू, दुसरा मी. तिसरा साडूंच्या चारीवरचा पाटकरी, म्हणजे कालव्याच्या फाट्यावरून शेतांना पाणी सोडणारा माणूस. तो बिचारा आता नाही.

झालं ते असं. मे महिन्यात कालव्याचं उन्हाळी आवर्तन येतं. पाणी एकेकाच्या शेताला पाळीने मिळतं आणि एकदा पाळी चुकली की पुढच्या पाळीपर्यंत ऊस वाळतो. साडूंची पाळी नेमकी सहलीच्या दिवसांत येण्याचा संभव होता. त्या काळजीने ते वाळत चालले होते. तेव्हा एका लग्नाच्या पंगतीत, सगळ्या पाहुण्यांसमोर, मी म्हणालो की तुम्ही निर्धास्त जा, पाणी मी देतो, शेती आमच्या रक्तातच आहे. मी जन्मभर हेच बोलत आलो होतो. शेतकऱ्याचा मुलगा म्हणून मिरवायचं, ऊस किती पेऱ्यांचा आहे हे लांबून सांगायचं, दुसऱ्याच्या पिकात बोटं घालायची. प्रत्यक्षात माझ्या वडिलांनी मला शाळेत घातल्यापासून मी चिखलात पाय घातलेला नाही. दारं धरणं, म्हणजे पाटाचं पाणी खोऱ्याने एकेका सरीत वळवणं, हे मी हजार वेळा पाहिलं होतं आणि एकदाही केलं नव्हतं.

साडू पहाटे निघाले. जाताना त्यांनी मला सगळं शेत फिरवून दाखवलं. कुठला बांध कच्चा आहे, कुठल्या सरीला पाणी उशिरा पोचतं. मी पुढचं वाक्य त्यांच्या आधी बोलून मान हलवत होतो. नऊच्या सुमारास पाटकरी मोटारसायकलवर आला आणि म्हणाला, पाळी अलीकडं आली, आजच संध्याकाळी चारला पाणी सोडतो, तयारीत राहा. तो गेला. मी खोरं हातात घेतलं. कोरड्या सरीत एकदा मारून पाहिलं. ढेकूळ हललं नाही. समोर पुरुषभर उंच ऊस, एवढ्या सऱ्या, आणि एक चुकीची फोडली तर सगळं पाणी शेजाऱ्याच्या रानात. शेजाऱ्याला हाक मारली असती तर त्याने हसत हसत पाणी देऊन टाकलं असतं. पण मग संध्याकाळपर्यंत पारावर कळलं असतं की भाऊसाहेबांना दारं धरता येत नाही. एवढीच भीती होती. तिला याहून मोठं नाव द्यायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे, जमलं नाही.

मी साडूंना फोन लावला. ते वाईत नाश्त्याला थांबले होते. मागून पोरांचा आवाज येत होता. ओंकार काहीतरी म्हणत होता आणि स्नेहल हसत होती. मनालीची, सामन्यांची रुखरुख संपलेली होती, हे फोनवरसुद्धा कळत होतं. मी म्हणालो, पाणी आजच येतंय, पण पाटकरी म्हणतो मालकाची सही असल्याशिवाय सोडणार नाही.

साडू म्हणाले, "दुसऱ्या कुणाची न्हाय का चालायची?"

"नाही म्हणतो."

"बरं. येतो."

बाकीच्यांना पुढे पाठवता आलं असतं, पण गाडी एकट्या साडूंना चालवता येत होती, आणि ठराव चौघांनी मिळून जाण्याचा होता. तीनच्या आत ते परत आले. स्नेहल ओट्यावर बॅग टाकून तिच्यावरच बसली. साडूंनी पॉइंटवर चालण्यासाठी घेतलेले पांढरे बूट काढून ओट्यावर ठेवले, नवी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि रानात आले. पाटकरी चारीवर उभाच होता. साडूंनी खिशातून पेन काढून विचारलं, सही कुठं करायची. पाटकरी म्हणाला, कसली सही, तात्या?

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी उसाकडे पाहिलं. मग ते पाटकऱ्याला म्हणाले, "काय न्हाय, माझंच ऐकण्यात चुकलं आसंल," आणि पेन खिशात ठेवून त्यांनी पहिली सरी फोडली.

दिवस मावळायच्या आत पाणी पुरतं झालं. ओट्यावर चहा आला. स्नेहल अजून बॅगवरच बसून होती. तिने बापाला विचारलं, काका होते ना इथे, मग तुम्हाला यायची काय गरज होती? मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. साडू म्हणाले, "काकांनी केलंच आसतं गं. माझाच जीव ऱ्हाईना उसापायी."

"मग उसालाच न्यायचं महाबळेश्वरला. आम्हाला कशाला नेत होतात?" असं म्हणून ती उठून आत गेली.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी चहात बिस्किट बुडवलं.

पुढे स्नेहल बंगळूरला गेली, ओंकारही पुण्याला नोकरीला लागला. चौघं एका वेळी घरी असतील असा मे महिना नंतर आलाच नाही. साडूंनी हा विषय माझ्यापाशी एकदाही काढला नाही. मी गेलो की भाकरी तशीच, बोलणं तसंच. उलट पंगतीत कुणी माझ्या शेतीज्ञानाची थट्टा केली तर ते माझी बाजू घेत. माझ्यासारख्या माणसाला एखाद्याने शिव्या दिल्या तर सोसतात, पण हे फार जड जातं.

यंदा एप्रिलमध्ये आमच्या घरच्या ग्रुपवर ओंकारचा निरोप आला की तो आणि स्नेहल, मेव्हणीला आणि स्नेहलच्या छोट्या मुलीला घेऊन मे महिन्यात चार दिवस महाबळेश्वरला जाणार आहेत. पप्पांना धरलेलं नाही, ते काही ऊस सोडून येणार नाहीत. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. त्यात एक चेहरा साडूंचाही होता.

मी दुसऱ्या दिवशी वरकुट्याला गेलो. साडू भेंडी तोडत होते. मी त्यांना सांगितलं की मी पोरांना खरं काय ते सांगणार आहे. ते तोडायचे थांबले नाहीत. म्हणाले, "आता कशाला, भाऊसाहेब? पोरं ह्यावरनं मला चिडवाय तरी फोन करत्यात. तेवढंबी जायचं." मग पुढच्या झाडाकडे सरकत म्हणाले, "आन तुमचं वय झालंय. ह्या वयात तुमची शोभा कशाला."

मी घरी येऊन स्नेहलला फोन केला. सगळं सांगितलं, बिस्किटासकट. ती म्हणाली, "काका, माझ्या हळदीत तुम्ही ती नक्कल केली होती." मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग हे मला एकटीला सांगून भागणार नाही. जेवढ्यांना हसवलंत तेवढ्यांना सांगा." म्हणून हे लिहितो आहे. वाचणाऱ्यांत त्या मांडवातलं कुणी असेल तर त्याने ती गोष्ट विसरावी, निदान तिचा शेवट तरी.

बापलेकीचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मेव्हणीने एवढंच सांगितलं की साडू बांधावर उभे राहून तासभर फोनवर होते, आणि त्यातलं बोलणं बहुतेक पलीकडूनच चाललं होतं. तीन दिवसांपूर्वी मला त्यांचा फोन आला. पोरांनी आता त्यांनाही सहलीत धरलं होतं, पण पाळी पुन्हा त्याच दिवसांत येतेय, तर मी पाण्याला येईन ना. आठ वर्षांपूर्वी शेत फिरवून दाखवलं होतं, त्याच आवाजात.

"साडूभाऊ, मला दारं धरता येत नाही," मी म्हणालो. "कधीच येत नव्हतं."

"मला ठावं हाय की," ते म्हणाले. "परवा सकाळी या. बोअरचं पाणी चालू करू. दावतो."

काल सकाळी मी त्र्याहत्तराव्या वर्षी पायजमा गुडघ्यावर बांधून चिखलात उतरलो. पहिलं दार मी फोडलं तिथून न फुटता भलतीकडूनच फुटलं. साडू हसले नाहीत. माझ्या हातांवर हात ठेवून त्यांनी खोरं कसं तिरपं धरायचं ते दाखवलं, आणि दुसरं दार मी एकट्याने फोडलं. पाणी सरीत शिरलं, वाळल्या पाचटाखाली खुसखुसत उसात दिसेनासं झालं. साडू म्हणाले, सरी भरली हे हितनं कळत न्हाय, दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. त्यांच्या सहलीच्या दिवसांत तिथे उभं राहायला त्यांनी शेजाऱ्याला सांगून ठेवलं होतं. काल मात्र ते स्वतःच बांधाने चालत पलीकडे गेले. ऊस उंच असल्यामुळे ते लगेच दिसेनासे झाले. मी खोऱ्यावर रेलून, कान देऊन, पाणी आलं असं ते केव्हा म्हणतात याची वाट पाहत उभा राहिलो.